पणजोबांचा पुण्यांतील ठावठिकाणा

मुळशी पेट्यांतील एकाद्या घराण्यांत वृद्ध माणसाच्या तोंडून इतकेंच ऐकूं येतें कीं, 'आपले पणजोबा पुण्यास वेताळ पेठेंत राहत असत.' पुढें कांहीं नाहीं. आळी कोणती, वाडा कोणाचा, घर स्वतःचें कीं भाड्याचें, याचा उलगडा होत नाहीं. नातवंडें नकाशा उघडतात तों त्यांत वेताळ पेठ सांपडतच नाहीं. मग म्हातारपणीं भ्रम झाला असावा असें समजून विषय मिटविला जातो. वास्तविक भ्रम वगैरे कांहीं नसतो. आजची गुरुवार पेठ हीच पूर्वींची वेताळ पेठ होय. शुक्रवारास विसापूर, रविवारास मलकापूर आणि शनिवारास मुर्तझाबाद अशीं नांवें होतीं. सदाशिव पेठ वसली ती नायगांवच्या जागेवर. तेव्हां नकाशाकडे वळण्यापूर्वीं पेठांचीं हीं जुनीं नांवें जाणून घेतलेलीं बरीं.

मुळशीकरांस हा शोध अधिक निकडीचा कां, हेंहि सांगितलें पाहिजे. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ च्या रामनवमीस तेथें सत्याग्रह सुरू झाला; सेनापति बापटांचें नांव त्याशीं कायमचें निगडित आहे. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालें आणि खोऱ्यांतील कित्येक गांवें जलमय झालीं. इतर घराण्यांस गांवच्या पांढरींत जाऊन पडक्या वाड्याचें जोतें तरी दाखवितां येतें. येथें पांढरीच पाण्याखालीं गेली. जीं कुटुंबें पोटासाठीं शहरांत उतरलीं, त्यांच्या वंशजांस पूर्वजांचा उंबरठा पाहावयाचा तर तो शहरांतच पाहिला पाहिजे.

घरास क्रमांक देण्याची रीत नगरपालिकांच्या काळांत रुळली. तत्पूर्वींच्या खरेदीखतांत वा गहाणखतांत घर ओळखविलें जाई तें चतुःसीमेनें: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमक्याचें परसूं. म्हणून आपल्या आडनांवाचा कागद मिळाला नाहीं म्हणजे शोध संपला, असें मानण्याचें कारण नाहीं. शेजाऱ्याच्या खतांत आपलें घर त्याची सीमा म्हणून नांवानिशीं आलेलें असूं शकतें. अनुभवी शोधक अशा वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांचींच दप्तरें आधीं चाळतो. पेशवाईंत रस्ते, बोळ व घरें यांचे तंटे शहरच्या कोतवालापुढें येत, त्यांतहि अशाच सीमा नमूद होत. पेशवे दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहे. त्यांतील निवडक कागद रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापून काढले. पण सामान्य कुटुंबाचा कागद छापील खंडांत सांपडण्याची आशा अल्प. तो मोडी रुमालांतच शोधावा लागतो, आणि मोडी वाचणारा जाणकार बरोबर नसला तर रुमाल सोडून पुनः बांधण्यापलीकडे हातीं कांहीं लागत नाहीं.

अव्वल इंग्रजीनंतरचा मार्ग पुष्कळ सुकर आहे. दस्तनोंदणी कचेरींत दोन सूची असतात: पहिली माणसांच्या नांवांची, दुसरी मिळकतींची. नांव ठाऊक असेल तर पहिली, जागा ठाऊक असेल तर दुसरी पाहावी. सिटी सर्व्हे कचेरींतील मिळकत पत्रिकेवरून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली तें समजतें. येथें एक घोटाळा नेहमीं होतो. जुन्या पाकिटावरचा आंकडा नगरपालिकेचा घरक्रमांक असतो आणि शोधणारा तोच सिटी सर्व्हे नंबर समजून भलत्याच वाड्याची पत्रिका काढून आणतो. दोन्ही आंकडे निरनिराळे आहेत.

मुळशीच्या जमिनीचा एक धागा मात्र थेट पुणें शहरांत येतो. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन पुण्यांत राहणाऱ्या सावकारांच्या हातीं गेली होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें हितसंबंधी इसमांस नोटीस द्यावी लागे व भरपाईचा निवाडा लिहावा लागे. त्यामुळें गांव, शेत आणि धनी यांचीं नांवें या कागदांत एकत्र येतात. नांगर धरणाऱ्या कुळाचा माग तेथेंच पुसट होतो. सावकाराचा वाडा हुडकणें सोपें, त्याच्या कुळानें पुढें शहरांत घेतलेली खोली हुडकणें कठीण. आणि मुळशीच्या बहुतेक घराण्यांस हवी असते ती ही खोली.

भाडेकऱ्याचें नांव मिळकत पत्रिकेवर चढत नाहीं. त्याच्यासाठीं जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखला, भाड्याच्या पावत्या हींच साधनें. स्वातंत्र्यापूर्वीं मताधिकार मर्यादित असल्यामुळें त्या वेळच्या मतदार याद्यांत गरीब बिऱ्हाडकरू सहसा आढळत नाहीं. प्रौढ मताधिकारानें झालेल्या १९५१-५२ च्या निवडणुकीपासून मात्र तोहि यादींत येतो. घर सांपडलें तरी वाडा उभा असेलच असें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील कितीतरी घरें वाहून गेलीं. मुळशींत एका धरणानें गांव घेतलें आणि पुण्यांत दुसऱ्यानें बिऱ्हाड नेलें, अशीं दुर्दैवी कुटुंबेंहि असूं शकतील.

ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी असेल, त्यांनीं ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकवार उघडावी. फाटकें पाकीटहि पेठेचें नांव सांगतें. पेटीच नसेल तर नाशिक वा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायाकडे जावें. पूर्वज यात्रेस गेला असेल तर तो कोणाचा कोण, बरोबर कोण होतें, हें तेथील वहींत लिहिलेलें असतें. क्वचित् तो त्या वेळीं कोठें राहत होता, हेंहि. उपाध्याय प्रथम आडनांव विचारतो आणि मग मूळ गांव. पुण्याची पेठ सांगून तेथें भागत नाहीं. धरणाखालीं गेलेल्या त्या गांवाचेंच नांव सांगावें लागतें, आणि त्या नांवाखालीं वही उघडते.