परिचारिका हे पदनाम आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र

 दीक्षान्त समारंभात मिळणारी पदवी आणि परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकार या भिन्न गोष्टी आहेत, कारण पदवी विद्यापीठ देते, तर तो अधिकार परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावरच प्राप्त होतो.

जे पदनाम नोंदणीवाचून लावणे हा कायद्याने अपराध ठरतो, त्यास संरक्षित पदनाम म्हणतात. परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा मान १९०१ मध्ये न्यूझीलंडने मिळवला, आणि ब्रिटनमध्ये तो होण्यास १९१९ साल उजाडावे लागले. या दिरंगाईचे एक कारण असे की, सेवाभाव परीक्षेने मोजता येत नाही असे मानणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाच नोंदणीला विरोध होता, तर नोंदणीसाठी तीन दशके झगडणाऱ्या एथेल बेडफर्ड फेनविक यांचे नाव पुढे त्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर लागले. दर वर्षी नाइटिंगेल यांच्या तसबिरीपुढे दिवा लावून शपथ देणाऱ्या महाविद्यालयांत फेनविक यांचा साधा उल्लेखही क्वचितच होतो, ही प्रस्तुत वक्त्यांची जुनी तक्रार आहे आणि निवृत्तीनंतरही ती मावळलेली नाही.

मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद निर्माण होऊन शिक्षणाचा दर्जा देशभर समान राखण्याचे काम तिच्याकडे आले. आणि राज्यापुरती नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली होऊ लागली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला, त्यातही नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती अशी की, कायदा पदनामाला कुंपण घालतो, तर रुग्ण गणवेशाला हाक मारतो. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दहावीनंतर शाळा सुटलेली मुलगी पांढरा कोट चढवून सलाईन लावते, नातेवाईक तिला ‘सिस्टर’ म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, आणि तिने स्वतः कोणतेही पदनाम लावलेले नसल्याने तिच्याविरुद्ध काय सिद्ध करावयाचे, हा प्रश्न उरतो. घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोंचा बराचसा व्यवहार याच संदिग्धतेवर चालतो. त्या मुलींना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. नोंदणीकृत परिचारिकेच्या वेतनाच्या अंशात त्या रात्रपाळ्या करतात आणि चूक झाल्यास प्रथम त्यांनाच पुढे केले जाते.

प्रस्तुत वक्त्या शासकीय सेवेत असताना एका तपासणी पथकाबरोबर एका रुग्णालयात गेल्या होत्या. तेथील भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्रे चौकटीत ओळीने टांगलेली होती आणि त्यांतील एक प्रमाणपत्र त्यांच्याच एका माजी विद्यार्थिनीचे होते. या सिस्टर कोठे आहेत, असे विचारता व्यवस्थापकाने रजेवर असल्याचे सांगितले. वास्तविक ती विद्यार्थिनी त्या वेळी मस्कतच्या रुग्णालयात नोकरीस होती आणि तिची ही रजा कित्येक महिने चालली होती. चौकशीअंती उलगडले ते असे की, नोकरी सोडताना तिला मूळ कागद परत मिळाले नव्हते, म्हणून तिने दुय्यम प्रत काढून परदेश गाठला होता, आणि मूळ प्रत इकडे तिच्या नावाने पाळ्या भरत होती. पथकाच्या अहवालाचे पुढे काय झाले हे विचारण्यासारखे नाही. इतर काही जणी तर वार्षिक रकमेच्या मोबदल्यात प्रमाणपत्र स्वखुशीने ठेवू देत, आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना वाटत नसे, ही बाब त्याहून क्लेशदायक होती.

म्हणून स्नातकांना सांगावयाचे ते एवढेच, आणि ते पुनःपुन्हा सांगावयाचे आहे: नोंदणी प्रमाणपत्राची मूळ प्रत कोणत्याही रुग्णालयाच्या कपाटात ठेवू नये, मग तेथे बंधपत्राचे कारण पुढे केले जावो वा नोकरी जाण्याची भीती घातली जावो. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवावी, साक्षांकित प्रत द्यावी, तिच्यावर संस्थेचे नाव व तारीख लिहावी आणि पोच घ्यावी. बाहेरच्या तोतयाविरुद्ध कायदा आहे. परंतु नोंदणीकृत परिचारिकेचे नाव भिंतीवर आणि अप्रशिक्षित हात रुग्णाच्या शिरेवर, अशी व्यवस्था जेथे असते तेथे त्या तोतयाला आवश्यक असलेला कागद नोंदवहीतूनच पुरवला गेलेला असतो. नोकरी सोडताना प्रत परत मिळाली नाही, तर राज्य परिषदेकडे त्याच आठवड्यात लेखी तक्रार करावी आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी. मस्कतच्या त्या विद्यार्थिनीने तेवढे केले असते, तर चौकशीच्या वेळी तिचे म्हणणे खरे मानण्यास पथकाजवळ काहीतरी आधार असता.