पावती आहे, तरी सॉफ्टवेअर विचारतं, ‘तुम्ही कोण?’

(ऑडिओ भागाचं हे शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे लायसन्स ॲक्टिव्हेशन. नाव रटाळ आहे, पण ज्यांच्या दुकानात कॉम्प्युटर आहे त्यांना लगेच कळेल. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर एका सकाळी उघडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग जबाबदारी कोणाची?

गोष्ट घरचीच सांगतो. महालात, केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत माझ्या काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीबुकं, अहवाल. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्वतः काका, आणि दुपारी काकू. मागच्या नोव्हेंबरात तुळशीचं लग्न आटोपलं आणि पत्रिकांची गर्दी सुरू झाली. रविवारी सकाळी काकांचा फोन. “अरे, हे पुन्हा ॲक्टिव्हेशन फेल म्हणून राहिलं. तू इंजिनीअर आहेस नं, येऊन पाहा बरं.”

यातला ‘पुन्हा’ महत्त्वाचा. वर्षातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तेव्हा. दुसऱ्यांदा विंडोज नव्याने टाकलं तेव्हा. दोन्ही वेळा कंपनीला फोन, दोन-तीन दिवस थांबा, मग सुरू. या वेळी तर काहीच बदललं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा मुलीचे वडील दुकानातच बसलेले. तीनशे पत्रिका, मजकूर पक्का, फाइल तयार. पण ती फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. कंपनीचा सपोर्ट रविवारी बंद. पाच वाजता ते गृहस्थ उठले आणि दुसऱ्या दुकानात गेले. काकांनी ॲडव्हान्स परत केला. नंतर म्हणाले, “पैशाचं जाऊ दे. त्यांना वाटलं असेल, मी चोरीचं वापरून राहिलो.” पावती ड्रॉवरमध्ये होती. ती कोणाला दाखवणार?

आता कारण ऐका. कॉम्प्युटरवर तारीख दिसत होती २०१० सालची. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ तो चालवतो. तो संपला होता. तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही, कारण त्या जोडणीच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. शिवाय घड्याळ मागे गेलं की लायसन्स तपासणाऱ्या कोडला वाटतं, ट्रायल वाढवायला कोणी तारीख फिरवली. कारण एवढंच, पण स्क्रीनवर फक्त एक आकडा आणि ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’. ‘तुमची तारीख चुकली आहे’ असं एक वाक्य लिहिलं असतं तर काकांनी स्वतःच दुरुस्त केलं असतं.

सेल बदलला, तारीख लावली. आता नवा संदेश: ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’. ही तपासणी डिस्क, मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड यांचे क्रमांक घेऊन कॉम्प्युटरचा एक ठसा बनवते. डिस्क बदलली की ठसा बदलतो. म्हणजे टेबलावर डबा एकच, पण सर्व्हरच्या वहीत तीन कॉम्प्युटर. कंपनीने फोनवर दर वेळी एक जागा वाढवून दिली होती, जुन्या नोंदी मात्र कोणी खोडल्या नव्हत्या. म्हणून तो त्रास परत परत येणारच होता.

आता कबुली. असा कोड मीही लिहिला आहे. पहिल्या नोकरीत बिलिंगच्या एका सॉफ्टवेअरची लायसन्स तपासणी माझ्याकडे होती. सर्व्हरने ‘की खोटी’ सांगितलं तर कुलूप. सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही, तरी कुलूप. नेट नसलेला माणूस आणि चोर, दोघांना मी एकाच ओळीत बसवलं होतं. तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं. क्रॅक वापरणाऱ्याला हे कुलूप दिसतच नाही, त्याने ते आधीच काढून टाकलेलं असतं. अडकतो तो पैसे भरणारा.

मोठ्या कंपन्यांचंही चुकतं. ८ नोव्हेंबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि अस्सल विंडोज १० प्रो असलेल्या अनेकांना ‘ॲक्टिव्ह नाही’ असं दिसू लागलं. चूक कंपनीची होती, दुरुस्तीही तिनेच केली. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा, जानेवारी २०१३ च्या सुमारास, जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन लागणारच नाही अशी आवृत्ती सिरियल नंबरसकट उपलब्ध केली. मला हे तत्त्व पटतं: कुलूप तुम्ही लावलं, तर किल्लीही तुम्हीच सांभाळायची. दुकान बंद करताना ती ग्राहकाच्या हातात द्यायची.

‘आम्ही विकलं नाही, फक्त वापरायला दिलं,’ असं करारात असतं. पण टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ मानलं. तो खटला विक्रीकराचा होता, हे लक्षात असू द्या. दुसरा प्रश्न, दुकानदार ग्राहक ठरतो का? व्यापारी कारणासाठी घेतलं तर नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरत असेल, तर ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे स्पष्टीकरण आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात तर न्यायालयाने टाइपरायटरचंच उदाहरण दिलं होतं. इतरांचं टायपिंग करून पोट भरणारा तोही ग्राहक. माझे काका आजचे तेच टाइपरायटरवाले.

म्हणून दुकानदारांनो, चार गोष्टी करा. तारीख आधी पाहा. डिस्क बदलण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी सॉफ्टवेअरमधून ‘डीॲक्टिव्हेट’ करा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल टाका, स्क्रीनचा फोटो आणि पावती जोडा. आणि प्रत्येक कामाची पीडीएफ काढून ठेवा, ती कुठेही छापता येते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

आणि माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनो, सर्व्हर मिळाला नाही तर काही दिवस काम चालू द्या. चूक काय ते शब्दांत सांगा. जुना कॉम्प्युटर यादीतून काढायचं बटण ग्राहकालाच द्या. फाइल निदान वाचता आणि छापता तरी येऊ द्या.

त्या रविवारनंतर मी आताच्या ऑफिसात हा विषय काढला. मॅनेजरने विचारलं, “मग पायरसी वाढली तर?” मी काकांची गोष्ट सांगितली. सात दिवसांची सवलत मंजूर झाली. यादीतून काढायचं बटण अजून अडकलंय, मी मागे लागलोय.

काकांचं सॉफ्टवेअर बुधवारी सुरू झालं. ते मुलीचे वडील काही परत आले नाहीत.

तुमचा अनुभव नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.