बोटांना न कळणारा जोर



जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरी गावात आज बाहेरगावाहून डॉक्टर आणि अभियंते चर्चेला आले आहेत. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतला यंत्रमानव हा विषय मराठवाड्याने परका मानू नये. लातूर जिल्ह्यातून गेलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गोरगरिबांचे मोतीबिंदू काढले. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोतीबिंदूला आता आपली माणसे फारशी बिचकत नाहीत. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला की मात्र काम फार नाजूक होते.

अशा वेळी पडद्यावर धरलेला पापुद्रा चिमट्याने सोलायला जोर तो किती लागतो? 1999 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या मोजणीत पडद्यावर काम करतानाचा जोर बहुतेक वेळा साडेसात मिलिन्यूटनच्या आतच भरला. परभणी मोती ज्वारीचे वीस-पंचवीस दाणे तळहातावर घ्या. साधारण तेवढाच भार. अवजारातून तो सर्जनच्या बोटांना बहुधा जाणवतच नाही. सगळी भिस्त नजरेवर.

म्हणून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अवजाराच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या दांडीभोवती केसासारखे तीन काचतंतू बसवले. दांडी जराशी वाकली की तंतूतून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते आणि त्यावरून जोर काढता येतो. उष्णतेनेही ती बदलते, पण तिन्ही तंतूंत सारखीच, त्यामुळे वजा करता येते. किती सुंदर युक्ती आहे ही!

2016 साली ऑक्सफर्डला डॉ. रॉबर्ट मॅक्लारेन यांनी यंत्रमानवाच्या मदतीने माणसाच्या डोळ्याच्या आत पहिली शस्त्रक्रिया केली. हाताचा कंप यंत्राने गाळला. माझ्या मते तेवढ्यावर थांबून भागणार नाही. अवजार बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातून आत शिरते, तिथे टोकापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. मोकळ्या हाताला तो थोडाफार कळतो. मध्ये ताठ यंत्र आले की तोही कळेनासा होतो. तेव्हा दोन्ही ठिकाणचा जोर यंत्रानेच मोजावा आणि मर्यादा ओलांडण्याआधी सैल व्हावे.

अभियंत्यांना एक कळकळीची विनंती आहे. आख्खा यंत्रमानव जिल्हा रुग्णालयात यायला वेळ लागेल. जोर मोजणारा चिमटा मात्र शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाच्या टेबलावर त्याआधी येऊ शकतो. तो स्वस्तात कसा बनेल, यावर पहिल्याच सत्रात बोलावे. मी अध्यक्षांना सत्र सुरू करण्याची विनंती करतो.