आधी बोलणे, मग वाचणे
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपली मुले वाचायला कशी शिकतात आणि काही मुले मागे का राहतात, या प्रश्नावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

आत्ताच मुलांनी वंदना म्हटली. पुस्तक हातात दिले तरी ती वंदना स्वच्छ वाचतील, कारण आपल्याकडे पालीही देवनागरीतच छापतात. पण अर्थ विचारला की दुसरीतले मूल गप्प होते. त्यात त्याचा दोष नाही. अक्षरे ओळखीची आहेत, भाषा ओळखीची नाही. वाचनाचे हे दोन भाग आहेत : अक्षरांचा उच्चार करता येणे आणि ती भाषा समजणे. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे गुणाकाराच्या रूपात मांडले. दोहोंपैकी एक शून्य, तर उत्तर शून्य.

अक्षरे शाळा शिकवते. भाषा मात्र मूल घरून घेऊन येते. आपल्या रत्नागिरीकडचे वाडीवरचे मूल पहिलीत जाते तेव्हा पऱ्या, पाखाडी, गडगा, बाव, तरवा असे किती शब्द त्याच्यापाशी असतात! पुस्तकात ओढा येतो, विहीर येते, रोपे येतात. वस्तू तीच, शब्द नवा. "आपली बाव म्हणजेच ही विहीर" एवढे बाईंनी सांगितले की काम भागते. त्याऐवजी "गावंढळ बोलू नकोस" म्हटले की मूल तोंड मिटून बसते. अडले तरी विचारत नाही. मग त्याच्यावर मठ्ठपणाचा शिक्का बसतो. आपल्या किती मुलांवर तो बसला, हे या सभेला सांगायला नको.

'पाणी' हा शब्द एखादे मूल 'पानी' असा वाचते. ही वाचनाची चूक नव्हे. त्याने शब्द ओळखला, अर्थ जाणला आणि घरच्या उच्चारात म्हटला. 'पाणी'ऐवजी 'पान' वाचले, तर ती चूक. हा फरक शिकवणाऱ्याला कळला पाहिजे. डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी आधी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला आणि पुढे तिथेच मुलांना लिहा-वाचायला शिकविण्याचे काम उभे केले. त्यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली सुरू झाली.

सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असे युनेस्कोच्या अहवालाने १९५३ साली सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सांगितले. तरी आज घरोघरी इंग्रजी माध्यमाचा विचार चालतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण वंदनेचे जे होते तेच तिथे होऊ शकते. मूल धडा घडाघडा वाचते, अर्थ विचारला की गप्प. घरी इंग्रजी कोणी बोलत नसेल, तर ती भाषा बोलायला शाळा कशी शिकवणार आहे, हे प्रवेशाआधी जरूर विचारा.

वाडीवरच्या आज्या म्हणतात, "आमाला लिवायवाचाय येत नाय, आमी काय शिकवनार?" आजी, तुम्ही गोष्ट सांगा, कोडी घाला. 'क'ने सुरू होणारी नावे विचारा : काजू, करवंद, कातळ. शब्दातला आवाज कानाला कळला की अक्षर लवकर बसते. मूल शाळेतून आले की "जेवलास काय?" एवढ्यावर थांबू नका. "आज काय झालं? मग पुढं?" असे विचारा आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. मोबाईल मुलाशी पुष्कळ बोलतो, पण त्याचे ऐकून घेत नाही.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. वडील सुभेदार रामजी आपल्याला आणि थोरल्या भावाला रोज ग्रंथातला काही भाग बहिणींना व घरी जमलेल्या मंडळींना वाचून दाखवायला लावत, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मोठ्यांनी वाचणे आणि चार माणसांनी ऐकणे, ही त्या घरची रीत होती.

ती रीत या विहारात सुरू व्हावी, अशी आमची विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर तिचा अर्थ मराठीत सांगावा. मग एका मुलाने एक पान वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे, त्यावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. याला खर्च नाही, अर्धा तास पुरे. समितीने मनावर घ्यावे, एवढे सांगून आम्ही थांबतो. जय भीम!