नाताळातला बोलका रेडिओ

२५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय वर्तमानपत्रे निघत नाहीत, आगगाड्या जवळजवळ बंद असतात, आणि इंग्लंड-वेल्समधल्या मोठ्या दुकानांना तर २००४ च्या कायद्यानेच त्या दिवशी टाळे असते. बाहेरचा व्यवहार असा थांबला तरी बीबीसीची ‘रेडिओ ४’ ही वाहिनी मात्र नेहमीसारखीच बोलत असते. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या ‘होम सर्व्हिस’च्या जागी ती सुरू झाली. गाण्याबजावण्याला तिच्यावर फारसे स्थान नाही. बातम्या, श्रुतिका, चर्चा, मुलाखती, पुस्तकांचे वाचन असा सारा कारभार शब्दांचा. नाताळात या कारभाराला काही ठरलेल्या वेळांचा कणा असतो. त्यातल्या काही वेळा भक्तीतून आल्या, काही लघुलहरींच्या अडचणींतून आल्या. अडचणी केव्हाच संपल्या, पण वेळा टिकून आहेत.

नाताळाची सुरुवात आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता होते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमधून ‘नऊ पाठ आणि नाताळगीते’ ही उपासना थेट प्रक्षेपित केली जाते. पवित्र शास्त्रातले नऊ उतारे आणि त्यांच्यामध्ये गीते, अशी तिची मांडणी १८८० साली कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो इथे बिशप एडवर्ड बेन्सन यांनी केली. किंग्ज कॉलेजात ती आणली एरिक मिल्नर-व्हाइट यांनी, १९१८ साली. पहिले महायुद्ध संपून जेमतेम दीड महिना झाला होता. मिल्नर-व्हाइट स्वतः सैन्यात धर्मगुरू म्हणून राहून आले होते, आणि कॉलेजचे कितीतरी विद्यार्थी परत आलेच नव्हते. रेडिओवर ही उपासना प्रथम ऐकू आली १९२८ मध्ये. १९३० चा अपवाद सोडला तर तिथपासून एकही वर्ष चुकलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात खिडक्यांमधल्या जुन्या रंगीत काचा उतरवून ठेवलेल्या होत्या, चॅपेलमध्ये ऊब नव्हती, आणि सुरक्षिततेसाठी कॉलेजचे नावसुद्धा निवेदकाला घेता येत नव्हते. तरी प्रक्षेपण झाले. २०२० साली कोविडमुळे भाविकांविना उपासना करावी लागली, तेव्हाही ती ऐकू आलीच.

या कार्यक्रमातला पहिला क्षण बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ या गीताचे पहिले कडवे एकच मुलगा गातो, तेही वाद्याच्या साथीशिवाय. हे कडवे कोण गाणार, हे आधी जाहीर होत नाही. गायकवृंदातल्या काही मुलांची तयारी करून घेतलेली असते. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागण्याच्या बेतात असताना संगीतसंचालक त्यांतल्या एकाला खुणेने पुढे बोलावतात. आपलीच पाळी, ही धास्ती रात्रभर उशाशी घेऊन कोणा मुलाला झोपावे लागू नये, हा त्यामागचा विचार. मग तो आवाज एकटाच उठतो आणि लक्षावधी घरांत पोचतो. डिसेंबरअखेर तिथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. त्यामुळे दीड तासाची ही उपासना उजेडात सुरू होऊन अंधारात संपते. पहिला पाठ उत्पत्तीच्या पुस्तकातला, तो गायकवृंदातला एक मुलगा वाचतो. शेवटचा, योहानकृत शुभवर्तमानातला, कॉलेजचे प्रमुख वाचतात. धाकट्यापासून थोरापर्यंत चढत जाणारा हा क्रम आवाजांवरूनच कळतो, डोळ्यांनी पाहावा लागत नाही. दूरचित्रवाणीवर किंग्ज कॉलेजचा जो कार्यक्रम दिसतो तो वेगळा आणि आधी मुद्रित केलेला असतो. थेटपणाची जोखीम रेडिओने आपल्याकडे ठेवली, आणि तेच या प्रक्षेपणाचे बळ आहे.

रात्री मध्यरात्रीच्या उपासनेचे प्रक्षेपण होते. मग मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला की रोजच्यासारखेच सागरी हवामानाचे वार्तापत्र येते. सण असो वा नसो, त्यात खंड नाही. आधी रॉनल्ड बिंज यांची ‘सेलिंग बाय’ ही संथ धून वाजते आणि मग निवेदक ब्रिटनभोवतालच्या ३१ सागरी विभागांची हवा सांगू लागतो. सुरुवात नॉर्वेकडच्या ‘व्हायकिंग’पासून, पुढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने डॉगर, फिशर, जर्मन बाइट असे करत आइसलँडच्या बाजूपर्यंत. प्रत्येक विभागासाठी वाऱ्याची दिशा, बोफर्ट मापनातला त्याचा जोर, पाऊसपाणी आणि दृश्यता, एवढेच. एकूण शब्दांवर जवळपास साडेतीनशेची मर्यादा असल्याने क्रियापदे बहुतेक गळून पडतात. या विभागांमध्ये ‘फिट्झरॉय’ हे नाव २००२ साली आले. ब्रिटिश हवामान खात्याचे संस्थापक आणि डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांचे ते नाव. आज बोटींवर उपग्रहाची यंत्रे आहेत. तरीही सणाच्या रात्री समुद्रावर असलेल्या माणसांची दखल घरी बसलेल्यांच्या कानांवरून अशी जाते, हे या वार्तापत्राचे मोठेच काम आहे. शेवटी राष्ट्रगीत वाजते आणि एक वाजता बीबीसीची ‘वर्ल्ड सर्व्हिस’ सुरू होते.

नाताळच्या सकाळी पुन्हा एखाद्या चर्चमधली उपासना, थोडक्या बातम्या, आणि स्वयंपाकघरात टर्की भाजत असताना ऐकायचे हलकेफुलके कार्यक्रम. दुपारचे तीन हे मात्र राजाच्या संदेशाचे. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनी १९२२ मध्येच राजे पाचवे जॉर्ज यांना ही कल्पना सुचवली होती, पण तेव्हा राजाने नकार दिला. १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीची साम्राज्यासाठीची ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू झाली आणि सहाच दिवसांनी राजा सँड्रिंगहॅमच्या आपल्या घरातून बोलला. मजकूर रडयार्ड किपलिंग यांनी लिहून दिला होता. दोन खोल्यांत तात्पुरती यंत्रणा उभारली होती. तिथून टपाल खात्याच्या तारांनी आवाज लंडनला आणि पुढे डॅव्हेंट्रीच्या लघुलहरी प्रक्षेपकांपर्यंत नेला जात होता. दुपारी तीनची वेळ निवडली ती ब्रिटनमधून निघालेल्या लघुलहरी त्या सुमारास साम्राज्याच्या जास्तीत जास्त भागांत पोचत म्हणून. भारतातल्या आजच्या घड्याळाप्रमाणे तेव्हा रात्रीचे साडेआठ होतात. भाषण प्रत्यक्षात तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू झाले आणि अडीच मिनिटांत संपले.

१९३६ साली आठव्या एडवर्डने डिसेंबरातच राजत्याग केला आणि त्या वर्षी संदेश झाला नाही. युद्ध सुरू झाल्यावर, १९३९ पासून, ही प्रथा पक्की झाली. १९५७ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथ प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसल्या. १९६० पासून संदेश आधी मुद्रित होऊ लागला, कारण त्याच्या फिती राष्ट्रकुलातल्या देशांना वेळेत धाडायच्या असत. म्हणजे लघुलहरींचे कारण संपले आणि थेटपणाही गेला. वेळ तेवढी तीनचीच राहिली. आता तिसरे चार्ल्स २०२२ पासून त्याच वेळी बोलतात, आणि कित्येक घरांत जेवण त्याच्या आधी आटोपायचे असा रिवाज आहे.

रेडिओ ४ वरच्या ‘द आर्चर्स’ या मालिकेचा नाताळही असाच घड्याळाला बांधलेला. १ जानेवारी १९५१ रोजी ती देशभर सुरू झाली. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात शेतकऱ्यांना नव्या पद्धती गोष्टीतून कळाव्यात, हा मूळ हेतू होता. अँब्रिज या काल्पनिक गावातले दिवस श्रोत्यांच्या दिवसांबरोबरच चालतात, त्यामुळे बाहेर नाताळ असला की तिथेही नाताळच असतो. गावकऱ्यांनी बसवलेले नाटक आणि त्यातली भांडणे हा वर्षानुवर्षांचा विषय आहे, आणि श्रोते त्यात नातेवाइकांसारखे गुंततात.

संध्याकाळ मोठ्याने वाचलेल्या गोष्टींची. चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली आणि दहा वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये त्यांनी ती स्वतः लोकांपुढे वाचली. एम. आर. जेम्स हे त्याच किंग्ज कॉलेजचे प्रमुख होते. नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना खोलीत जमवून ते आपल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. या दोन्ही रीती रेडिओने उचलल्या, आणि त्या त्याला शोभल्या, कारण वाचणारा एक आणि ऐकणारे काळोखात, ही बैठक मुळात रेडिओचीच आहे. सर्वांत धाडसाचा प्रयोग झाला २६ डिसेंबर २००० रोजी. स्टीफन फ्राय यांनी वाचलेले हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक त्या दिवशी सलग सुमारे आठ तास लावण्यात आले आणि नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारले गेले. १ जानेवारी २०१५ ला टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चे नभोनाट्य दिवसभरात दहा तास झाले.

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या आठवड्यात ‘टुडे’ या सकाळच्या वृत्तकार्यक्रमाचे संपादन २००३ पासून दरवर्षी बाहेरच्या पाहुण्यांकडे सोपवले जाते. शास्त्रज्ञ, लेखक, खेळाडू असे कोणीही एकेका सकाळचे विषय ठरवते. संसदेला सुटी असल्याने राजकारणाची जागा रिकामी असते. एरवी बातमीत न बसणारे प्रश्न त्या जागेत सावकाश ऐकायला मिळतात.