मायबाप म्हणणार नाही



वाचनालयातल्या अशा भाषणाची सुरुवात 'मायबाप रसिकहो' अशी करायची पद्धत आहे. मी ती करणार नाही, आणि का करणार नाही एवढंच सांगायला उभा राहिलोय. त्याआधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फलकावर माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ समीक्षक' असं लिहिलंय. मी आयुष्यभर पोस्टात तिकिटं विकली आणि घरी येऊन टीव्ही पाहिला. आमच्या घरी संच नव्हता तेव्हा 'चिमणराव गुंड्याभाऊ' शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज धरून पाहिलं. पात्रता एवढीच.

मघाशी तीन वक्ते बोलले. तिघांनीही 'हल्ली मराठीत चांगलं काही येतच नाही' असं म्हटलं आणि तिन्ही वेळा तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला ते साफ अमान्य आहे. 'रुद्रम' किती जणांनी पाहिली? हात वर करा. चार. त्यातले दोन माझ्याच घरचे. २०१७ साली झी युवावर ती लागत होती. गिरीश जोशींचं लेखन, भीमराव मुडेंचं दिग्दर्शन आणि मुक्ता बर्वे. आपल्या माणसांच्या मृत्यूमागचं सत्य शोधत निघालेली एक बाई, जिला सासू छळत नाही आणि जी देवघरासमोर उभी राहून स्वतःशी मोठ्यानं बोलत नाही. गोष्ट सांगून झाली आणि मालिका काही महिन्यांत संपली. मालिका संपते, हेच आपण विसरलोय. इथं नायिकेचं बाळंतपणसुद्धा वर्षभर चालतं, मग लीप येते, आणि बाळ कॉलेजला जातं तरी खलनायिकेची साडी तीच.

दोष वाहिनीचा, टीआरपीचा, असं तुम्ही म्हणाल. अहो, तो मीटर काही वाहिनीच्या कचेरीत लावलेला नसतो. तो तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरात असतो. शिव्या घालत घालत रविवारचा महाएपिसोड पाहणारा माणूस त्यात 'प्रेक्षक' म्हणूनच मोजला जातो. शिव्या मोजायची सोय त्यात नाही.

प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' आठवते? अल्फा मराठीचे ते सुरुवातीचे दिवस. सुधीर जोशी, रसिका जोशी, अख्खं घर माणसांनी भरलेलं. त्या घरातली माणसं एकमेकांशी खऱ्या घरातल्यासारखी भांडायची, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत. मराठी कथा-कादंबऱ्या पडद्यावर आणणारी 'पिंपळपान' तर वाचनालयातल्या माणसांनीही विसरावी, याला काय म्हणायचं?

आता सिनेमा. १९९२ साली जब्बार पटेलांनी 'एक होता विदूषक' केला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. आणखी काय हवं होतं आपल्याला? मी पहिल्याच आठवड्यात गेलो. लक्ष्या पडद्यावर दिसला आणि शिट्ट्या पडल्या. तो गंभीर बोलू लागला तरी लोक हसत होते, कारण पैसे हसायचे दिले होते. मध्यंतरानंतर माझ्या रांगेतल्या पाच खुर्च्या रिकाम्या. लोकांना हसवणाऱ्या माणसाचं काय होतं हे तो नट जीव तोडून सांगत होता, आणि आपण चहा पिऊन घरी गेलो. पुढं त्याला तेच ते विनोद करायला कुणी लावलं?

इथं काही विद्वान मान डोलावताहेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. आदल्याच वर्षी 'माहेरची साडी' आला होता. तुम्ही त्याला रडका म्हणालात, अजून म्हणता. माझी आई तो तीनदा पाहून आली. घरात ती कधी रडली नाही. डोळ्यांत पाणी दिसलंच तर चुलीचा धूर गेला म्हणायची. त्या अंधारात तिला धुराचं निमित्त लागलं नाही. अलका कुबल यांचा अभिनय कोणत्या प्रतीचा, हे मला आईसमोर ठरवता येत नाही, आणि तुम्हीही ते आपापल्या आईला न विचारता ठरवू नका.

राहिला 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका, सगळं झालं. २०१५ साली मी पाहिला तेव्हा थिएटरात माझ्यासकट अकरा जण होतो. सिनेमात एक सरकारी वकील बाई आहेत, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या. दिवसभर एका लोकशाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करायचा, संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जायचं, स्वयंपाक करायचा. सुट्टीच्या दिवशी हे कुटुंब मराठी नाटकाला जातं. परप्रांतीयाला घराबाहेर काढणारं नाटक. सभागृह खदखदून हसतं, टाळ्या वाजवतं. कॅमेरा काही बोलत नाही, नुसता बघत राहतो. मी खुर्चीत आकसलो, कारण त्या टाळ्या ओळखीच्या होत्या. मघाशी इथं तीनदा वाजल्या ना, अगदी तशाच.

मायबाप म्हणवून घ्यायचं तर पोराला जेवायला घालावं लागतं. आपण पोर उपाशी ठेवतो आणि मग पंचवीस वर्षांनी शोकसभेत त्याची उंची सांगतो.

चिठ्ठी आलीय. 'आटोपते घ्यावे, साडेसातला सर्वांना घरी पोहोचायचे आहे.' साडेसातला काय असतं, ते मलाही ठाऊक आहे, आमच्याकडेही लागते. जा.