कचेरींतील वनश्री

शहरांतील सुशिक्षित माणसाच्या जागेपणाचा मोठा भाग आतां घरांत जात नाहीं. तो कचेरींत जातो. सकाळीं आंत शिरलेला कारकून सायंकाळीं बाहेर पडतो, तोंपर्यंत ऊन किती चढलें, वारा कोणत्या दिशेचा होता, आभाळ केव्हां भरून आलें, याची त्याला वार्ताही नसते. ही उणीव मोठ्या कंपन्यांच्या चालकांच्याही ध्यानांत आली आहे, आणि म्हणून कचेरीचा अंतर्भाग निसर्गाच्या धर्तीवर सजविण्याचा प्रघात वाढत आहे. भिंतीवर वेली, कोपऱ्यांत कुंड्या, लाकडासारखे भासणारे तक्ते! परंतु निसर्गाचें रूप आणणें आणि निसर्ग आणणें या दोन गोष्टी एकच आहेत काय? याचें उत्तर शोधावयाचें तर दोन प्रसिद्ध इमारतींकडे पाहावें.

पहिली अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत, रॅसीन या गांवीं आहे. जमिनीला लावावयाचें मेण तयार करणाऱ्या जॉन्सन कंपनीची ही मुख्य कचेरी. फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुशिल्पज्ञानें १९३६ सालीं तिचें काम हातीं घेतलें व १९३९ सालीं ती पुरी झाली. भोंवतालचा परिसर कारखान्यांचा. पाहण्याजोगें असें तेथें कांहीं नव्हतें. तेव्हां राइटनें बाहेर उघडणाऱ्या नेहमींच्या खिडक्या वर्ज्य करून आंतच एक वन उभें केलें. मुख्य दालनांतील काँक्रीटचे खांब तळाशीं अवघे ९ इंच रुंद आहेत. वर चढतां चढतां ते रुंदावत जातात आणि माथ्यावर साडेअठरा फूट व्यासाचें वर्तुळाकार पान पसरतात. पानापानांमधील फटींत कांचेच्या नळ्या बसविलेल्या होत्या व त्यांतून उजेड झिरपत असे. खालीं बसणाऱ्यास आपण तळ्याच्या तळाशीं असून वर कुमुदाचीं पानें तरंगत आहेत, असा भास व्हावा!

हे नाजूक खांब छप्पर कसें तोलणार, अशी शंका सरकारी अधिकाऱ्यांनीं काढली. १९३७ च्या जून महिन्यांत एक खांब मुद्दाम उभारून त्यावर भार रचण्यांत आला. १२ टनांचा भार त्यानें सोसला म्हणजे पुरे होतें; त्यानें ६० टन सोसले. झाडाचें केवळ बाह्य रूप नव्हे, तर त्याच्या बांधणींतील मर्म राइटनें उचललें होतें.

तरीही निसर्गाचें अनुकरण सर्वत्र साधलें नाहीं. कांचेच्या नळ्यांचे सांधे पावसांत वर्षानुवर्षें गळत राहिले. पानावरचें पाणी ओघळून जातें. येथें तें फटींतून आंत येई. पुढें छपरांतील नळ्यांच्या जागीं प्लॅस्टिकचे तक्ते बसवावे लागले. कारकुनांसाठीं राइटनें योजिलेल्या तीन पायांच्या खुर्च्या नीट न बसणाऱ्यास सरळ जमिनीवर आणीत. त्यांना चौथा पाय जोडावा लागला! मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. इमारतींतील सर्वांत सुंदर दालन राइटनें अधिकाऱ्यांना नव्हे, तर सामान्य नोकरवर्गाला दिलें.

दुसरी इमारत न्यूयॉर्क शहरांत आहे. फोर्ड फाउंडेशन या संस्थेची ही बारा मजली कचेरी केविन रोश व जॉन डिंकेलू यांनीं बांधली. ती १९६७ सालीं पुरी झाली. येथें झाडांची नक्कल केलेली नाहीं; खरीं झाडेंच आंत आणलीं आहेत. बारा मजले उंचीच्या कांचबंद चौकांत डॅन काइली यांनीं बाग रचली, आणि तिच्या दोन बाजूंस कचेरीच्या खोल्या योजिल्या. आंत बसून काम करणाऱ्याची नजर समोरच्या भिंतीवर न आपटतां झाडांच्या शेंड्यांवर विसावते. महाराष्ट्रीय वाचकाला ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. जुन्या वाड्याचा चौक हेंच कार्य करीत असे. वरून उजेड, मधून वारा आणि ओसरीवर बसणाऱ्याच्या नजरेसमोर तुळस, ही सोय आपल्या पूर्वजांनीं सजावट म्हणून केलेली नव्हती.

नजरेला मिळणारा हा विसावा केवळ कविकल्पना आहे काय? रॉजर उलरिच या संशोधकानें १९८४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयांत पित्ताशयावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची टिपणें त्यानें तपासलीं. २३ रुग्णांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, २३ जणांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे थोडे लवकर घरीं गेले व त्यांना वेदनाशामक तीव्र औषधें कमी लागलीं. रुग्ण आणि कारकून एक नव्हेत, हें खरें; परंतु डोळ्यांचा मनाशीं असलेला संबंध दोघांच्याही ठायीं सारखाच आहे.

उलट, कुंड्यांकडून भलतीच अपेक्षा करूं नये. झाडें बंद खोलींतील हवा शुद्ध करतात, हा समज १९८९ च्या एका अमेरिकन प्रयोगापासून फार पसरला. तो प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झालेला होता. पुढें २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयास दर चौरस मीटर जागेंत १० पासून १,००० पर्यंत झाडें लागतील, असें दिसून आलें. एवढीं झाडें लावल्यावर कारकुनानें बसावें कोठें? हवेसाठीं खिडकी किंवा वाताची दुसरी सोयच पाहिजे. कुंडी तिची जागा घेऊं शकत नाहीं.

सारांश, कचेरींतील निसर्गाची परीक्षा प्रवेशद्वाराशीं करूं नये. तेथें हिरवी भिंत असते, कारंजेंही असतें. परीक्षा करावी ती सर्वांत मागच्या टेबलाशीं. तेथें बसणाऱ्या माणसाला दिवसाचा उजेड मिळतो काय? मोकळी हवा पोंचते काय? मान वर करतांच दूरवर पाहण्याजोगें कांहीं हिरवें दिसतें काय? या तीन प्रश्नांचें उत्तर होकारार्थी येत असेल, तर भिंतीवर एकही वेल नसली तरी ती कचेरी निसर्गाच्या सान्निध्यांत आहे. तें नकारार्थी येत असेल, तर सारी वनश्री केवळ पाहुण्यांसाठीं मांडलेली आरास होय.